अर्धा निरोप

एका राज्यात राजाचे पाय राजाचं ऐकेनासे झाले.

हसू नका. हसायची गोष्ट पुढे आहे, इथे नाही. राजा मकरध्वज भला माणूस होता, प्रजेला पोटाशी धरणारा होता, पण त्याचे पाय बिनसले होते. राजा बसला की पाय उठत. राजा निजला की पाय चालत. पूर्वेच्या देवळात जायला निघावं तर स्वारी पोचायची पश्चिमेच्या वेशीवर, आणि वेशीपाशी उभा राहून राजा विचारायचा, "मी इथे का आलो?" कोण सांगणार?

वैद्य म्हणाले, वात आहे. तेल चोळलं. पाय तेलकट झाले आणि तसेच चालत राहिले. मग राजमांत्रिक आला, त्याने राजाचे तळवे हुंगले आणि म्हणाला, "महाराज, आपल्याला चकवा लागला आहे."

चकवा तुम्हाला ठाऊकच असेल. माळावर माणसाला गाठतो आणि फिरवून फिरवून त्याच बाभळीपाशी आणून सोडतो. त्यावर उतारा सोपा, अंगरखा उलटा घालायचा आणि मटकन खाली बसायचं. राजाने अंगरखा उलटा घातला. महाराजांना एकट्यांना लाज वाटू नये म्हणून सगळ्या दरबाराने उलटे अंगरखे घातले. पण बसतो कोण? पाय पश्चिमेलाच निघाले.

पश्चिमेला समुद्र होता. आज ना उद्या राजा चालत चालत त्यात जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मांत्रिक म्हणाला, "हा आपल्याकडचा चकवा नव्हे. हा समुद्रापलीकडच्या हिरव्या बेटाचा आहे. महाराज, आपण कधी तिथे गेला होता?"

"तरुणपणी विद्या शिकायला गेलो होतो."

"कुणाचं काही आणलंत?"

"काही नाही."

"कुणाला दिलेलं वचन मोडलंत?"

"मी तिथे कुणाला वचनच दिलं नाही," राजा म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता बरं का.

राजाला एकुलती एक लेक, तिचं नाव केतकी. ती म्हणाली, "बाबा, ज्या गावची बाभळ, त्या गावचीच कुऱ्हाड. मी त्या बेटावर जाऊन चकव्याची विद्या शिकून येते." राणीने देवापुढे दिवा लावला, लेकीच्या तळहातावर दही ठेवलं. केतकी उंबऱ्यावर म्हणाली, "आई, येते." राणी म्हणाली, "ये." हे एवढं तुम्ही ध्यानात ठेवा, कारण केतकीच्या ध्यानात राहिलं नाही. रोज उठून जे बोलतो ते कोण ध्यानात ठेवतं?

जहाज हिरव्या बेटाला लागलं. तिथे उन्हात पाऊस पडत होता आणि पावसात ऊन पडत होतं, आणि लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. केतकीने एका गुराख्याला विचारलं, "दादा, विद्यापीठाची वाट हीच का?"

"वाट आहे," गुराखी म्हणाला.

"हो, वाट आहे ते दिसतंय. पण हीच का?"

"हीच आहे."

पुढे मेंढ्यांमागे चाललेली एक बाई भेटली. "मावशी, आज पाऊस थांबेल का?" "थांबणार नाही." "विद्यापीठ लांब आहे का?" "लांब आहे." केतकीच्या लक्षात येईना की या मंडळींचं अडतंय कुठे. विद्यापीठात पोचल्यावर आचार्य कोल्म यांनी उलगडा केला. त्या बेटाच्या भाषेत 'हो' नव्हतं. 'नाही' असं सुटं सुद्धा नव्हतं. येशील का विचारलं तर 'येतो' म्हणायचं, खाशील का विचारलं तर 'खातो' म्हणायचं. तिथे क्रियापद हाच होकार आणि तीच शपथ.

"मग नुसती मान हलवली तर?" केतकीने मान हलवून दाखवली, आपण सगळे हलवतो तशी, धड उभी नाही आणि धड आडवी नाही.

आचार्य बराच वेळ तिच्या मानेकडे पाहत राहिले. "कानात माशी शिरली का?" त्यांनी विचारलं.

शिकणं सुरू झालं, पण पोरीच्या डोक्यावरून सगळं जाऊ लागलं. तिथली जुनी अक्षरं दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहीत आणि खालून वर वाचत. केतकी वरून खाली वाची आणि पाकशाळेऐवजी तबेल्यात पोची. खिडकीवर एक डोमकावळा येऊन बसे. त्याचा डावा डोळा बेटावरचं पाही आणि उजवा डोळा समुद्रापलीकडचं पाही. एके सकाळी त्याने उजवा डोळा उघडला आणि म्हणाला, "राजकन्ये, तुझ्या बापाने वाड्याचा पश्चिम दरवाजा ओलांडला."

केतकी धावत आचार्यांकडे गेली. "गुरुजी, मला चकव्याचा उतारा आजच शिकवा."

"चकवा शिकवून येत नाही. लावणाऱ्याला विचारावा लागतो," आचार्य म्हणाले. "या बेटावर तीन थोर जुनी ठिकाणं आहेत. राजांच्या टेकडीवरचा ओरडणारा दगड, चिंध्यांच्या झाडाची विहीर आणि उगवतीची टेकडी. तिन्हींना विचार. पण आधी ती तुला विचारतील."

"काय विचारतील?"

"विचारतील," आचार्य म्हणाले. धन्य ते गुरू!

केतकी निघाली. डोमकावळा खांद्यावर बसला.

राजांच्या टेकडीवर गवत होतं, मेंढ्या होत्या आणि मधोमध एक उभा दगड होता. त्याच्यावर खरा राजा चढला की दगड ओरडे, एरवी गप्प असे. केतकी भीत भीत वर चढली. दगड म्हणाला, "राजा आहेस?"

"नाही हो. म्हणजे, आमचे बाबा आहेत. म्हणजे तसं पाहिलं तर..." आणि तिने मान हलवली.

दगडाला काही कळेना. त्याने ओरडायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि त्याला उचकी लागली. इतक्या युगांत दगडाला उचकी लागली नव्हती. मेंढ्या पळाल्या.

"राजा नव्हे," केतकी घाईघाईने म्हणाली. "राजाची लेक आहे!"

"आहेस ना? मग तसं बोल," दगड म्हणाला. "अशीच मान हलवणारा एक मुलगा पूर्वी आला होता. तो राजा होणार होता म्हणून मी ओरडलो. तो दचकून पडला, गुडघा फोडून घेतला. धुवायला विहिरीकडे गेला. पुढचं मला ठाऊक नाही, मी इथून हलत नाही."

बाबांच्या गुडघ्यावरचा व्रण केतकीने लहानपणी कितीदा बोटाने चाचपला होता. युद्धातला आहे असं ते सांगत. तिला हसूही आलं आणि रडूही.

टेकडीखाली खाचांचा दगड होता. केतकीने तो वाचला आणि चालू लागली, आणि चालून चालून ओरडणाऱ्या दगडापाशीच आली. परत वाचला, परत निघाली, परत दगड! आपल्यालाही चकवा लागला की काय? तिने अंगावरची शाल काढून उलटी पांघरली.

"शालीला काय झालंय? खालून वर वाच," डोमकावळा म्हणाला.

खालून वर वाचल्यावर वाट सापडली. विहिरीवर एक काटेरी झाड होतं आणि त्याच्या फांदीफांदीला चिंध्या बांधल्या होत्या. कुणाचं दुखलं खुपलं तर त्याच्या कपड्याची चिंधी तिथे बांधत, चिंधी विरली की दुखणं विरे. तहानेने केतकीचा घसा कोरडा पडला होता. विहीर म्हणाली, "पाणी पितेस?"

आता सांगा, परक्या घरी पहिल्याच शब्दाला 'द्या' म्हणायला आपली जीभ वळते का? "नको नको, राहू द्या," केतकी म्हणाली.

पाणी खाली गेलं. पार तळाला.

"अहो, असं काय करता? मला तहान लागली आहे!"

"तू नको म्हणालीस."

"आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची रीत असते. मग समोरच्याने आग्रह करायचा."

विहिरीने विचार केला. "मग खरं कितव्या वेळी बोलता?"

केतकी गोंधळली. हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "पिते," ती म्हणाली. पाणी काठापर्यंत आलं. पोटभर पिऊन तिने वर पाहिलं, तर चिंध्यांमध्ये एक चिंधी तिच्या घरच्या उपरण्याची, जरीकाठाची! ऊनपावसात बाकी सगळं सूत विरून गेलं होतं. राहिला होता तो जरीचा काठ.

"ही इथे कुणी बांधली?"

"उगवतीच्या टेकडीतल्या बाईने," विहीर म्हणाली. "तो मुलगाही नको नको म्हणत राहिला आणि तहानेने इथेच कोसळला. गुडघा चिघळला होता, अंगात ताप होता. ती त्याला खांद्यावर घालून घेऊन गेली. वर्षभर सांभाळलं. ही चिंधी त्याचा ताप उतरावा म्हणून."

"मग तिनेच चकवा लावला? जिने वाचवलं तिने?"

"ते तिला विचार."

डोमकावळ्याने उजवा डोळा उघडला. "तुझा बाप वाळूत पोचला. राणीने त्याच्या कमरेला दोर बांधलाय, दोर सगळ्या गावाने धरलाय. पण सगळा गावच समुद्राकडे सरकतो आहे."

केतकी पळत सुटली.

उगवतीची टेकडी बाहेरून हिरवी होती आणि आतून दगडाची. दारावरच्या शिळेवर वळशांत वळसे कोरले होते. त्यांच्याकडे पाहिलं की कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळत नसे. हे दार वर्षातून एकाच सकाळी उघडे. सगळ्यांत लहान दिवशी सूर्याचा पहिला किरण आत शिरे, किरण आत असेतो दार उघडं, किरण निघाला की पुन्हा वर्षभर बंद. केतकीच्या नशिबाने ती सकाळ दुसऱ्याच दिवशी होती. पहाट झाली, सूर्य वर आला, किरण दगडांच्या बोळातून सरळ आत गेला आणि त्याच्या मागोमाग केतकी गेली.

आत एक बाई बसली होती. म्हातारी म्हणावी तर चेहऱ्यावर सुरकुती नव्हती, तरुण म्हणावी तर केस पांढरे होते. समोर एक ताट वाढलेलं होतं. ताटावर कापड झाकलं होतं, आणि कापडाखालून वाफ येत होती.

"तुझी मान त्याच्यासारखी आहे," बाई म्हणाली. "तो कुठे आहे?"

"तो समुद्रात बुडतो आहे!" केतकी ओरडली. भीती आणि राग तिच्याने आवरेना. "तुम्ही त्याला वाचवलंत ना? मग आता का मारता? आमच्या बाबांनी तुमचं काय वाईट केलं?"

"मी त्याला ओढत नाही. त्याचा शब्द त्याला ओढतो," बाई शांतपणे म्हणाली. "तो बरा झाला, दार उघडलं, तो निघाला. मी विचारलं, परत येशील? तो म्हणाला, येतो. या बेटावर त्याहून मोठी शपथ नाही. तेव्हापासून मी रोज ताट वाढते. वाढलेलं ताट आणि दिलेला शब्द, दोन्ही इथे थंड होत नाहीत."

केतकी मटकन खाली बसली. येतो. एवढंच?

"अहो," ती म्हणाली, "ती शपथ नव्हती. तो निरोप होता. आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. अभद्र असतं ते. सगळे 'येतो' म्हणतात. बाजारात निघालेला म्हणतो, लढाईवर निघालेला म्हणतो."

"मग येतात?"

"काही येतात. काही नाही येत."

"म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलला."

"नाही! म्हणजे... खरंही नव्हतं ते. पण खोटं कसं म्हणू?" केतकीने कपाळ धरलं. तिने जन्मभर वापरलेला शब्द हातात घेऊन पाहिला आणि त्याची वरची बाजू कुठली, खालची कुठली, ते तिला कळेना.

किरण भिंतीवरून सरकू लागला होता. बोळाच्या तोंडाशी बसलेला डोमकावळा म्हणाला, "छातीपर्यंत पाणी. दोराचे पीळ सुटताहेत."

केतकीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तिला आई दिसली. उंबऱ्याच्या आत उभी होती, दह्याची वाटी हातात होती. आई, येते, असं आपण म्हणालो होतो. आणि आई काय म्हणाली होती?

"तुम्ही काय म्हणालात?" तिने एकदम विचारलं. "बाबा 'येतो' म्हणाले, त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. काय म्हणायचं? मी ताट वाढायला घेतलं."

"तिथेच तर अडलंय! आमच्याकडे जाणारा 'येतो' म्हणतो आणि राहणारा 'ये' म्हणतो. तेव्हा निरोप पुरा होतो. नुसता घेऊन भागत नाही, तो कुणी द्यावाही लागतो. बाबांना तो मिळालाच नाही. ते घरी परतले, राज्यावर बसले, पण अर्धे तुमच्या दारातच उभे राहिले."

"म्हणजे मी 'ये' म्हटलं की तो येईल?"

इथे केतकीची जीभ अडखळली. 'ये' या शब्दाने बाबा आणखीच जोरात ओढले गेले तर? या बेटावर शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच असतो. आणि खरं सांगितलं तर ही म्हणेल कशाला? पण जिने आपल्या बापाला खांद्यावर वाहून आणलं तिला फसवायचं तिच्या जिवावर आलं.

"येणार नाहीत," ती म्हणाली. "ते थकले आहेत. तुम्ही 'ये' म्हटलंत की ते घरी जातील."

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "येतो म्हणजे जातो. ये म्हणजे जा. कसली उफराटी भाषा तुमची!"

"उफराटी नाही हो," केतकी म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. "आपल्या माणसाला 'जा' म्हणवत नाही. म्हणून 'ये' म्हणतो."

किरण ताटावर आला, ताटावरून जमिनीवर उतरला, दाराच्या दिशेने मागे सरू लागला. बाईने ताटावरचं कापड नीट केलं. नीटच होतं ते, तरी केलं.

"त्याला मीठ कमी लागायचं," ती म्हणाली. "निघताना त्याला परत यावंसं वाटत होतं का?"

"वाटत नसतं तर कसे म्हणाले असते?"

बाई उठली. बोळाच्या तोंडाशी आली, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. "पण तो आता राजा आहे म्हणतेस. राजाला काय म्हणतात?"

"राजाला 'या' म्हणतात."

"माझ्या ताटाला राजा ठाऊक नाही," बाई म्हणाली, आणि मोठ्याने, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ये, बाळा."

डोमकावळ्याने उजवा डोळा उघडला. आता हा काय सांगतो?

"थांबला," डोमकावळा म्हणाला. "पाणी गळ्यापर्यंत आहे, पण पाय थांबलेत. इकडेतिकडे बघतोय. विचारतोय, मी इथे का आलो. आता राणी त्याला रागे भरते आहे. वळला! राजकन्ये, तुझा बाप वळला!"

केतकी दगडाला टेकून लहान मुलासारखी रडली. ताटातली वाफ थांबली होती. बाईने ते उचललं, त्यातला एक घास स्वतः खाल्ला, एक केतकीला भरवला. अन्न थंड झालं होतं आणि मीठ कमी होतं.

किरण दाराशी आला. निघायला हवं होतं. केतकी उंबऱ्यावर उभी राहिली आणि पुन्हा घोटाळ्यात पडली. 'जाते' म्हणावं तर अभद्र. 'येते' म्हणावं तर ही इथली शपथ. मान हलवावी तर कानात माशी!

तिने बाईकडे पाहिलं. ताट हातात घेऊन ती एकटी उभी होती. मग केतकीला फारसा विचार करावा लागला नाही.

"मावशी, येते," ती म्हणाली, आणि बेटावरच्या भाषेत म्हणाली.

"ये," बाई लगेच म्हणाली. शिकली होती ना आता!

केतकी घरी पोचली तेव्हा राजा मकरध्वज अंगणात बसला होता. नुसता बसला होता, आणि ते बघायला गावातून माणसं येत होती. लेकीला त्याने पोटाशी धरलं. सगळं ऐकलं. मग मान खाली घालून बराच वेळ गुडघ्यावरचा व्रण चाचपत राहिला.

"ताट वाढून बसली होती? इतकी वर्षं?"

"हो बाबा."

"मला वाटायचं ती विसरली असेल. मी निघालो तर ती काही बोलली नाही, मला वाटलं रागावली." राजाचे डोळे भरले. "काय म्हणाली शेवटी?"

"'ये, बाळा' म्हणाली."

राजा रडला आणि हसला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि पाय पांघरुणात गुमान राहिले. दरबाराने अंगरखे सुलटे केले. एका म्हाताऱ्या सरदाराला उलटाच आवडू लागला होता, त्याला कुणी काही म्हटलं नाही. आणि दर वर्षी सगळ्यांत लहान दिवसाच्या आधी केतकी जहाजात बसे. राजा तिच्यासोबत मिठाची एक पुरचुंडी धाडी. तिकडच्या उंबऱ्यावर ती 'येते' म्हणे, इकडच्या उंबऱ्यावरही 'येते' म्हणे, आणि दोन्हीकडे ते खरं असे.

राजाची वाट सरळ झाली, टेकडीतलं ताट धुतलं गेलं. तुमच्याही दारचे निरोप पुरे होवोत. चला मंडळी, फार वेळ झाला, येतो मी.

अहो, बघत काय बसलात? 'या' म्हणा की!